पोस्टमन रद्द

सौंसर तहसिलीत पोरं इंग्रजीच्या पेपराला दोन गोष्टींच्या भरवशावर बसत. एक पेन आणि दुसरा सोमकुवर सरांचा गेस. पेन ऐन वेळी चाललं नाही असं कधीकधी व्हायचं. गेस चालला नाही असं सात वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

गेस म्हणजे एक फुलस्केप कागद. त्यावर सरांच्या ठसठशीत अक्षरात दहा ओळी: यंदा बोर्डात निबंध कोणता, पत्र कोणतं, कविता कोणती, धड्यांतले प्रश्न कोणते. जानेवारी संपता संपता तो रामाकोन्याच्या शाळेत निघायचा, दुसऱ्या दिवशी सौंसरला पोचायचा. पांढुर्ण्याला सरांचे मित्र मनोहर सर इंग्रजी शिकवत, त्यांच्याकडे तो बसच्या कंडक्टरच्या खिशातून जायचा. मोहगावच्या एका बाईनं तर तो मुलाच्या उशीत शिवून ठेवला होता, आणि मुलगा पास झाल्यावर उशी शेजारणीला दिली होती.

सुखदेव सोमकुवर प्रामाणिक माणूस. "सर, तुम्हाले समजते कसं?" असं कोणी विचारलं की ते चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "अभ्यास." हे काही खोटं नव्हतं. अभ्यास कोणाचा, एवढंच ते सांगत नसत.

गेस त्यांच्या बायकोचा होता.

यमुनाबाई आठवीपर्यंत शिकलेली. इंग्रजीत तिला दुकानांच्या पाट्या आणि खताच्या पोत्यांवरची नावं वाचता येत. घरचं दोन एकर वावर मात्र तीच पाहायची; सरांना तुरीचं झाड आणि अंबाडीचं झाड शेंगा लागेपर्यंत वेगळं ओळखता येत नव्हतं. सात वर्षांपूर्वी एका दुपारी सर बोर्डाचे जुने पेपर समोर पसरून डोकं धरून बसले होते आणि यमुनाबाई दारात सरकी निवडत होती.

"काय झालं? पोट दुखून राहिलं काय?" तिनं विचारलं.

"पोट नाही. पोरं मांगे लागले, सर, यंदा काय येते ते सांगा. मले काय बोर्डाचं सपन पडते?"

"चिठ्ठीपत्रीत गेल्या साली काय होतं?"

"मित्राले पत्र."

"त्याच्या आंधी?"

"तेही मित्रालेच."

"मंग यंदा नाही येत," यमुनाबाई सरकीतला खडा फेकत म्हणाली. "एका वावरात दोन साल एकच पीक घेतलं, जमीन थकली. यंदा तिथं अर्ज पेरतीन."

सर हसले. मार्चमध्ये पेपर फुटला नाही, पण उघडला तेव्हा त्यात हेडमास्तरांना सुट्टीचा अर्ज होता. सर त्या दिवशी शाळेतून आले ते चपला न काढता सरळ चुलीपाशी गेले आणि म्हणाले, "यमुना, कवितेच्या वावराचं काय म्हणते?"

तेव्हापासून दरवर्षी जमीन सारवून तिच्यावर खडूनं चौकोन पडत. निबंधाचं वावर, पत्राचं वावर, कवितेचं, धड्यांचं. सर एकेका वर्षाचा पेपर वाचत आणि यमुनाबाई दाणे ठेवी. माणसावरचा निबंध म्हणजे तुरीचा दाणा. प्रवास, मेळा, बाजार असं काही पाहण्यासारखं म्हणजे ज्वारी. विज्ञानाचे चमत्कार म्हणजे सरकी.

"चमत्काराले सरकी कायले?" सरांनी विचारलं होतं.

"कापसाची पऱ्हाटीच आहे ते. जमिनीतलं सगळं ओढून घेते. लिहिणाराही थकते, तपासणाराही थकते. त्याच्यावर दोन साल हलकं पीक पाहिजे."

चार वर्षं न विचारलेली कविता म्हणजे पडीत. "यंदा नांगरतीन," ती म्हणायची, आणि नांगरत.

"अवं, पण बोर्डातले लोक काय शेतकरी आहेत?"

"ते नसतीन. त्यांचे बाप असतीन न."

इंग्रजीत एम.ए. झालेला माणूस खाली बसून दाण्यांकडे पाहत राही.

मग अठ्ठ्याऐंशी साल आलं, आणि त्या सालानं सगळं उलटंपालटं केलं. रामाकोन्यात अंगणवाडी उघडणार होती. तिला बाई पाहिजे होती, आणि बाई दहावी पास पाहिजे होती. यमुनाबाईला लहान पोरांचं वेड. गावातली निम्मी पोरं तशीही तिच्याच ओसरीवर रांगायला शिकली होती. तिनं कोणाला न विचारता, शाळेत न जाता दहावीला बसायचा प्रायव्हेटचा फॉर्म आणला, स्वतः भरला आणि सरांपुढे सहीला ठेवला.

"अनूही यंदा दहावीले आहे," सर म्हणाले.

"मालूम आहे. मीच जन्म देल्ला तिले."

अनुराधा, म्हणजे अनू, सोळा वर्षांची. आपल्या वर्गात आपली माय, ही कल्पना ऐकून तिनं एक दिवस जेवण सोडलं आणि दुसऱ्या दिवशी मायला शिकवायला घेतलं. गणित यमुनाबाईला यायचं. हिंदी, मराठी, समाजशास्त्र यांची तिला भीती नव्हती. नागरिकशास्त्र तर ती ग्रामपंचायतीशी भांडून शिकली होती. राहिली इंग्रजी. तेहतीस मार्क. त्या तेहतीसच्या पलीकडे अंगणवाडी होती, आणि अलीकडे अख्खं रामाकोना तोंडाला पदर लावून हसायला उभं होतं की सोमकुवर सरांची बायको इंग्रजीत उडाली.

छोटे प्रश्न तिनं घोकले, अर्ज घोकला. निबंध मात्र एकच जमला. पोस्टमन. तो तिनं कापूस वेचता वेचता पाठ केला. एका ओळीला एक वाक्य. ओळीच्या टोकाला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुस्तक घेऊन अनू उभी.

"द पोस्टमन वेअर्स खाकी," अनू सांगायची.

"द पोस्टमन वेअर्स खाकी," माय बोंडातून कापूस ओढत म्हणायची. "आपला तर धोतर घालते."

"माय, पेपरात खाकी."

"मंग त्याले कोणीतरी सांगा बापा, बोर्डानं त्याची वर्दी ठरवून ठेवली."

सोळा वाक्यं, सोळा ओळी. पलीकडच्या संत्र्याच्या बागेतल्या बायका कान देऊन ऐकत. आठवड्याभरात त्यांचाही पोस्टमन अर्धा पाठ झाला.

जानेवारीच्या शेवटी सरांनी जमीन सारवली, चौकोन पाडले. यमुनाबाईनं दाणे मांडले. पत्राचं वावर ठीक, कवितेचं ठीक. निबंधाच्या वावराशी ती आली. तीन सालांपूर्वी सरकी. मग ज्वारी. गेल्या साली तूर, म्हणजे माणूस. 'आपले आवडते शिक्षक' आला होता. यंदा तिथं पुन्हा ज्वारीच पडायला पाहिजे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पाहण्यासारखं काहीतरी. प्रवास आणि बाजार होऊन गेले होते, म्हणजे राहिला मेळा. खेड्यातला मेळा. दाणा अगदी तिच्या चिमटीत होता.

"मेळा?" सरांनी पेन टेकवत विचारलं.

यमुनाबाईनं चिमटीतला ज्वारीचा दाणा सोडला आणि तुरीचा उचलला.

"पोस्टमन," ती म्हणाली.

"माणूस तर गेल्या सालीच होता. तूच म्हणते न, दोन साल एकच पीक..."

"हे वावर भारी जमिनीचं आहे. लिहा तुम्ही."

सरांनी लिहिलं. सात वर्षांत तिचा दाणा चुकला नव्हता, मग आज ते कशाला शंका घेतील? यमुनाबाई मात्र उठून बाहेर गेली आणि विनाकारण गाईला चारा टाकून आली. जमिनीशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती.

खरं सांगायचं तर तिला ते त्या दिवशी खोटं वाटलंही नाही. आपल्याला येतो तो निबंध पेपरात यावा असं वाटता वाटता तो येणारच असं वाटायला लागलं, आणि या दोन वाटण्यांच्या मधला धुरा कुठं मोडला ते तिला कळलं नाही. कळलं ते पुढच्या महिन्यात, पोरं घरी यायला लागली तेव्हा.

शालिकराम आला. इंग्रजीत दोनदा उडालेला, आता मिसरूड फुटलेला. "काकू, यंदा निघतोच. पोस्टमन असा पाठ आहे का म्हशीपुढं म्हणून दाखवला. म्हैस उभी राहिली."

पंचफुला आली. तिच्या बापाची संत्र्याची बाग होती आणि बापाचं म्हणणं होतं की इंग्रजीत उडाली तर पुढं शाळा नाही. ती हसत म्हणाली, "काकू, बाकीचे निबंध मी फाडून टाकले. कायले डोक्यात कचरा?"

"फाडले?"

"सगळे. मेळा, प्रवास, सगळे. मायनं त्याच्यावर पापड वाळू घातले."

यमुनाबाईच्या हातातला पाण्याचा गिलास तिथंच राहिला. ज्या गल्लीतून जावं तिथून पोस्टमन ऐकू येत होता. विहिरीवर पोस्टमन, गुरांमागे पोस्टमन. खराखुरा पोस्टमन गावात आला की पोरं त्याच्या मागे लागून त्याला त्याचंच वर्णन इंग्रजीतून ऐकवत, आणि तो बिचारा धोतर सावरत सायकलीचा वेग वाढवी. अनू हसून हसून लोळायची. माय हसायची नाही, म्हणून अनूनं एकदा विचारलं, "माय, तुले काय झालं?"

"पीक एकच अन् गाव सगळं त्याच्यावर," यमुनाबाई म्हणाली. अनूला वाटलं, माय संत्र्याविषयी बोलते आहे.

पेपराच्या सकाळी छोट्या लाईनीच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीत रामाकोन्याची सव्वीस पोरं, सोमकुवर सर आणि लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेली, हातात पट्टी आणि दोन पेनं धरलेली यमुनाबाई. सेंटर सौंसरला होतं. ही गाडी अशी की चालत्या डब्यातून उतरून बोरं तोडावी आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं. सिग्नल पडला, गाडी हलली आणि शालिकरामनं आरोळी दिली, "द पोस्टमन..."

"...इज अ पब्लिक सर्व्हंट," डबा म्हणाला.

चाकांच्या तालावर सोळा वाक्यं झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दुसऱ्या फेरीत सहाव्या वाक्याला यमुनाबाई उभी राहिली. गाडीच्या हेलकाव्यानं तिला खिडकीचा गज धरावा लागला.

"थांबा रे पोरंहो. पोस्टमन येत नाही."

पोरांना वाटलं, काकू मजा करून राहिली.

"कोण म्हणते काकू?"

"मी म्हणून राहिली. यंदा मेळा आहे. मले तवाच दिसलं होतं. पण मले पोस्टमनच येते, म्हणून मी पोस्टमन सांगतला. माझ्या पासापायी तुम्हा सगळ्याईले त्याच वावरात नेलं."

पंचफुला म्हणाली, "पण काकू, गेस तर सरांचा आहे."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"मी फक्त लिहीत होतो," ते म्हणाले. "सात साल हिनंच सांगतलं. दाणे मांडून."

सव्वीस तोंडं उघडी. आपल्या बोर्डाचं भविष्य तूर आणि सरकी ठरवत होती हे पोरांच्या घशाखाली उतरायला अर्धा मैल लागला. मग शालिकराम म्हणाला, "म्हणजे दोनदा मी काकूच्या गेसमध्ये उडलो?"

"तू माझ्या गेसमध्ये नाही उडला रे. तू अभ्यासात उडला," यमुनाबाई म्हणाली, आणि डबा असा हसला की पुढच्या डब्यातला तिकीटवाला पाहायला आला.

"माय," अनू म्हणाली, "सौंसरले अर्धा तास आहे. सांग मेळा."

"मले इंग्रजीत कुठं येते?"

"तू आपल्या बोलीत सांग. आम्ही करतो इंग्रजी. तू कधी पाह्यला मेळा?"

"मोहगावचा पाह्यला. सात सालाची होती."

"मग काय होतं तिथं?"

यमुनाबाई सांगायला लागली. आकाशपाळणा होता. पंचफुलानं त्याचं इंग्रजी केलं, सरांनी ते सुधारलं, डब्यानं तालावर घोकलं. बांगड्यांची दुकानं होती. घोकलं. रेवड्या होत्या; रेवडीला इंग्रजी शब्द कोणालाच सापडेना, सरांनाही नाही, तेव्हा शालिकरामनं 'स्वीट्स' म्हणून तो प्रश्न मिटवला. एक माणूस विहिरीसारख्या लाकडी खड्ड्यात मोटारसायकल चालवायचा. त्यावर दोन पोरांचं भांडण झालं, कारण एकाच्या मते तो खड्डा होता आणि दुसऱ्याच्या मते 'मौत का कुआँ'.

"अन् मी हरवली," यमुनाबाई म्हणाली.

"मेळ्यात?"

"बाबाचा हात सुटला. मी बांगडीवालीच्या चटईवर जाऊन बसली. तिनं मले रेवड्या देल्ल्या. मी खात बसली. दोन घंट्यानं बाबा आला."

"मंग तू रडली असशील," अनू म्हणाली.

"मी कायले रडू? मी त रेवड्या खाऊन राहिली होती. बाबा रडून राहिला होता."

पंचफुलानं ते तिथल्या तिथे केलं: "आय वॉज लॉस्ट. आय वॉज नॉट क्राइंग. माय फादर वॉज क्राइंग."

डब्यानं ते म्हटलं. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा यमुनाबाईही म्हणत होती, आणि तिला कोणी पुस्तक धरलेलं नव्हतं.

सौंसरला उतरल्याबरोबर सर स्टँडकडे धावले. पांढुर्ण्याला जाणारी बस सुटायच्या बेतात होती. तुळशीराम कंडक्टरच्या हातात त्यांनी एक चिठ्ठी दिली: "मनोहर सर, पोस्टमन रद्द. मेळा तयार करा." तुळशीराम गेली सात वर्षं गेस नेणारा भरवशाचा माणूस. पण एवढ्या थोड्या शब्दांची चिठ्ठी त्याच्या हाती कधी पडली नव्हती. त्यानं ती वाचली, बसमध्ये चार लोकांना दाखवली, आणि रामाकोन्याच्या पोस्टमनला कामावरून काढलं ही बातमी परीक्षेची घंटा होण्याआधी पांढुर्ण्यात पसरली. चिठ्ठी स्वतः मनोहर सरांच्या हातात घंटेनंतर पोचली.

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये नेमाची पोरं पुढं आणि प्रायव्हेटवाले मागं. यमुनाबाई शेवटून दुसऱ्या बाकावर. अनू पुढून तिसऱ्या. पेपर वाटला गेला. यमुनाबाईनं बोट ठेवून शोधलं. निबंध, खालीलपैकी कोणताही एक.

पहिला, खेड्यातला मेळा.

दुसरा, पोस्टमन.

हॉलमध्ये पुढच्या बाकांवर पंचवीस-सव्वीस पाठी एकाच वेळी थरथरल्या. हसू दाबण्याचा तो आवाज सुपरवायझरला खोकल्याची साथ वाटला, आणि त्यानं खिडक्या लावून घेतल्या.

यमुनाबाईचं बोट मात्र त्या दोन ओळींवर वर-खाली फिरत राहिलं. जमिनीनं दोन्ही पिकं दिली होती. पोस्टमनची सोळा वाक्यं सोळा ओळींसारखी तिच्यासमोर सरळ उभी होती. ती लिहिली की काम झालं. तेहतीसला तेवढं पुरत होतं, अंगणवाडी पक्की. मेळ्याचं काय? अर्ध्या तासात गाडीत ऐकलेला. शब्द कुठं लागतील, कुठं सुटतील.

तिनं पोस्टमन लिहायला घेतला. पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्या वाक्यात त्यानं खाकी घातली. तिथं ती थांबली. हा माणूस तिनं कधी पाहिलाच नव्हता. सोळा ओळी त्याच्यामागे चालूनही त्याचं तोंड तिला दिसलं नव्हतं. आणि तिकडं बांगडीवालीच्या चटईवर रेवड्या तशाच होत्या, आणि गर्दीतून एक माणूस डोक्याचा फेटा हातात घेऊन रडत येत होता.

तिनं पट्टी ठेवून दोन्ही वाक्यांवर सरळ रेघ मारली. मग ती लिहीत राहिली. अक्षर मोठं, काही शब्द मोडके. पाळणा वर गेला, खाली आला. रेवड्यांचं इंग्रजी तिनं स्वीट्स केलं नाही, रेवडीच ठेवलं. पान संपलं. दुसरं संपलं. उत्तरपत्रिकेत पुढं कागदच नव्हता आणि मेळ्यात अजून बाप सापडायचा होता.

यमुनाबाई उभी राहिली. आपण काय मागत आहोत हे तिला नीट माहीत होतं. पुरवणी फक्त हुशार पोरं मागतात असं सर नेहमी सांगत.

"सर," ती म्हणाली, "पुरवणी पाहिजे."

सगळा हॉल मागं वळला. सगळ्यात आधी अनू. सुपरवायझर पुरवणी आणि बांधायला दोरा घेऊन आला तेव्हा त्यानं वाकून पाहिलं, बाईनं चुकून हिशेबाची वही तर आणली नाही ना. मग दोरा त्यानंच ओवून दिला.

जूनमध्ये निकाल लागला. रामाकोन्याचं पोर न् पोर इंग्रजीत पास. शालिकराम पस्तीस मार्कांनी निघाला आणि म्हशीला हार घातला. पांढुर्ण्यात सगळ्यांनी पोस्टमन लिहिला होता, तेही पास. अनूला एक्कावन्न. तिच्या मायला त्रेपन्न.

सर दोन्ही मार्कशीट हातात घेऊन दारात उभे होते. "घरात कोणाले पेढा आधी देऊ?" त्यांनी विचारलं.

"मले," यमुनाबाई म्हणाली. "मी दोन मार्कानं मोठी आहे."

ऑगस्टात अंगणवाडी उघडली. पुढच्या जानेवारीत सरांनी जमीन सारवली तेव्हा सव्वीसच्या सव्वीस पोरं आणि नवीन वर्गही ओसरीवर दाणे पाहायला बसला होता, आणि गेसवर खाली सही यमुना सोमकुवर अशी होती.

पुरवणीत काय लिहिलं होतं, ते मात्र कोणाला कळलं नाही. कागद भोपाळला बोर्डाकडे गेला, तो गेलाच. अनूनं पुढं कितीतरी वर्षं विचारलं. कॉलेजात गेल्यावर, नोकरीला लागल्यावर, लग्न होऊन माहेरी आल्यावर, आणि एकदा छिंदवाड्याच्या दवाखान्यात मायच्या खाटेशी बसून.

"बाप सापडला का नाही पुरवणीत?" तिनं विचारलं होतं.

"सापडला न," माय म्हणाली. "त्याले बी रेवडी देल्ली."